सख्ख्या बहिणीला पाव किलो मेथी

तमाम जनतेला, आणि विशेषतः ज्यांना सख्खे भाऊ आहेत अशा समस्त भगिनीवर्गाला, कळवण्यास अत्यंत दुःख होते की लोणखेडा शिवारात, शहाद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या कडुनिंबाखाली, भर दिवसा आणि साक्षीदारांसमक्ष, एका भावाने आपल्या सख्ख्या बहिणीला पाव किलो मेथी विकली.

दिली नाही. विकली.

साक्षीदार चार होते. तिघे समोरच्या टपरीवर चहा पीत होते आणि चौथा मी. बहीण भावाच्या शेतावर रिकामी पिशवी घेऊन येते, याचा अर्थ काय होतो हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भावाने मेथी तागडीत टाकली, दोन काड्या काढल्या, एक परत ठेवली आणि रक्कम सांगितली. बहिणीला वाटलं, थट्टा चाललीय. ती हसली. भाऊ हसला नाही.

“आप्पा, तू माले भाजी इकी ऱ्हायना?” तिने विचारलं.

“तुले नही,” आप्पा म्हणाले. “तुन्ही पिशवीले.”

तिने रागारागाने मोबाइल काढला आणि झाडाला चिकटवलेल्या कोडवर धरला. त्याच झाडाच्या फांदीला, पैसे आले की बोलणारा एक डबा टांगलेला होता. त्या डब्याने एका मंजूळ बाईच्या आवाजात, समोरच्या टपरीपर्यंत सहज पोचेल अशा बेताने, दहा रुपये मिळाल्याचं जाहीर केलं. चहा पिणारे तिघे चहा प्यायचे थांबले. संध्याकाळपर्यंत ही बातमी शहाद्याच्या एसटी स्टँडवर पोचली होती. रात्री मुक्कामी निघालेल्या एका गाडीचा कंडक्टर ती वरच्या गावांना घेऊन गेला.

हे आप्पा म्हणजे माझे घरमालक. मी तेव्हा लोणखेड्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नव्याने लागलो होतो आणि खोली शोधत होतो. आप्पांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. माझ्या हातातली बॅग घेतली, दाराच्या कडीला अडकवलेल्या स्प्रिंगच्या काट्याला टांगली आणि डोळे बारीक करून आकडा वाचला.

“साडेअकरा. एकला शे का?”

“हो.”

“मंग चाली.”

अटी दोन होत्या. भाजी त्यांच्याकडूनच घ्यायची, तोलून आणि रोख. आणि ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या घरात उच्चारायचा नाही. पहिली अट मला जाचक वाटली. दुसरी किती जाचक आहे ते पुढे कळलं. ‘अंदाजे’ न म्हणता माणूस दिवसभरात फार थोडं बोलू शकतो.

आप्पांची नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली होती. तीस वर्षं. उसाने भरलेली गाडी आली की तिचं वजन घ्यायचं, रिकामी झाली की पुन्हा घ्यायचं आणि मधला फरक कागदावर लिहायचा. माणूस तीस वर्षं हेच करत राहिला तर त्याला जगात दोनच गोष्टी दिसतात, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी. आप्पा जेवायला बसण्याआधी आणि उठल्यावर स्वतःचं वजन करायचे. वर्तमानपत्राची रद्दी तोलायचे, गॅसचं सिलिंडर तोलायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, माहेरी जाऊन आल्या की त्यांच्या पिशव्याही तोलायचे, आणि माहेरच्या मायेविषयी दोन शब्द बोलायचे. एकदा सर्दीने मी चार दिवस अंथरुणाला खिळलो होतो, तर औषध विचारायच्या आधी ते आतल्या खोलीतून वजनाचा काटा घेऊन आले. “आजार कितला शे ते तं समजू दे,” म्हणाले.

जमीन वडिलांची. ती थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, आयुष्यभर कसली होती. बहुतेक सगळी केळी. दादा दरवर्षी आप्पांच्या घरी त्यांच्या हिश्श्याचं धान्य आणि पैसे पोचते करायचे, त्यात कधी खोट आली नाही. निवृत्त झाल्यावर आप्पा दादांच्या ओसरीवर गेले आणि म्हणाले, बाकीचं तुम्हीच कसा, मला फक्त रस्त्याकडचे वीस गुंठे द्या. भाजी लावायचीय.

केळीवाल्याच्या घरात भाजी लावायचीय असं म्हणणं म्हणजे बँडवाल्याच्या घरात शीळ वाजवून पोट भरीन म्हणण्यासारखं. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. तेवढी जागा दादांकडे ट्रॅक्टर वळवायला लागायची.

“कसाले?” दादांनी विचारलं.

“तीस वरीस लोकस्ना ऊस तोला,” आप्पा म्हणाले. “आते मन्हं काहीतरी तोलू दे.”

दादांनी दिले. पण पहिल्या वर्षी वीस गुंठ्यांतून घर चाललं नाही. पीक उत्तम आलं होतं. गिलकी आली, भेंडी आली, भरताची हिरवी वांगी तर अशी आली की रस्त्यावरची माणसं सायकल थांबवून बघायची. तरी वर्षाच्या शेवटी दादांकडून धान्य आणावं लागलं. दादा म्हणाले, भाजीत काही नसतं, उगाच का लोक केळी लावतात? गावात प्रत्येकाने आपापलं कारण सांगितलं. कुणी म्हणालं बाजारभाव, कुणी म्हणालं रोग, कुणी अवकाळी. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तर ‘लघुधारकांसमोरील आव्हाने’ असं काहीतरी म्हटलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते वजनकाट्याचे माणूस, त्यांनी दुसरंच काही केलं होतं. वर्षभर शेतातून निघणारी प्रत्येक पिशवी ती कुठे जातेय हे पाहून तोलली होती.

निष्कर्ष त्यांनी मला ओट्यावर बसवून सांगितला. शहाद्याच्या बाजारात गेलेल्या भाजीपेक्षा घराच्या मागच्या दाराने गेलेली भाजी वजनाने जास्त होती.

मागच्या दारात काकी होत्या. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. केळीच्या बागेतून दोन फण्या गेल्या तर बागेला पत्ताही लागत नाही. पण वीस गुंठ्यांतून दोन पिशव्या गेल्या की त्या आठवड्याचं सगळं गेलं. आणि पाहुण्यांना हे कळायचं कारण नव्हतं, कारण भाजी हे पीक आहे असं कुणी मानतच नव्हतं. कापूस विकतात, केळी विकतात, ऊस कारखान्याला घालतात. भाजी काय, घरचीच. नणंद आली, मेथी गेली. भाची आली, गंगाफळ गेलं. समोरच्या घरी पाहुणे आले म्हणून वांगी गेली, आणि त्या पाहुण्यांना ती इतकी आवडली की ते स्वतः येऊन पुन्हा घेऊन गेले.

“छोटी शेती रोगनी मरत नही,” आप्पा मला म्हणाले. “सोयरास्नी मरस.”

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कडुनिंबाला तागडी टांगली.

त्या वर्षीच्या आखाजीला दादांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या इकडे शेताचा, सालदाराचा, खंडाचा, सगळ्या बोलीचा हिशोब आखाजी ते आखाजी चालतो. दादा म्हणाले, “आप्पा, मन्हाकडथून दाना लेवाना नही, पैसा लेवाना नही. पुढली आखाजीलोंग तुन्हं घर वीस गुंठावर चालनं तं वावर तुन्हं. नही चालनं तं मी केळी लावसू, आनी तू ओटावर बशी ऱ्हाय.”

आप्पा म्हणाले, “चाली.”

तर ती मेथी त्या वर्षातली. बहिणीला भाजी विकणारा माणूस म्हणून आप्पा रातोरात प्रसिद्ध झाले, आणि मी त्या प्रसिद्धीच्या अगदी शेजारच्या खोलीत राहत होतो.

त्यांचं तंत्र साधं होतं. वीस गुंठ्यांचे लहान लहान वाफे पाडले होते आणि दर आठ दिवसांनी एकच वाफा मेथीचा, एकच कोथिंबिरीचा. म्हणजे कधीही शेतात एका वेळी सगळं तयार नसायचं आणि कधीही काहीच नाही असंही नसायचं. कडेने झेंडू आणि मका. शहाद्याच्या बाजारात नेणं त्यांनी जवळजवळ बंद केलं. एक कॅरेट टमाटे घेऊन गेलं की गाडीभाडं, हमाली, तोलाई, आडत असं करत करत घरी रिकामं कॅरेट तेवढं परत येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. अख्ख्या शेतात एकच भाजी लावणाऱ्याला ते जुगारी म्हणत. त्यांच्यासमोरून कुणी टमाट्याची दोन एकर रोपं घेऊन चालला की ते टोपी काढून नमस्कार करत.

भाव पडला की पडलेली भाजी घरात खायची. आणि घरात म्हणजे घर अधिक भाडेकरू. एका हिवाळ्यात टमाट्याचा भाव इतका पडला की सलग एकोणीस दिवस मी टमाटे खाल्ले. विसाव्या दिवशी भाव जरा वर गेला आणि ते लगेच बंद झाले. चढ्या भावाची भाजी घरात खाणं आप्पांना उधळपट्टी वाटायची. त्यामुळे बाजारात टमाटे महाग झालेले वाचले की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

पालेभाजी ते जुडीने विकत नसत. जुडी म्हणजे अंदाज आणि अंदाज म्हणजे चोरी. मेथी, पालक, पोकळा, सगळं तागडीत. तागडीची पितळी पारडी लख्ख असायची. काकी ती चिंचेने घासायच्या. रविवारी संध्याकाळी एकदा आणि सोमवारी दुपारी पुन्हा एकदा. मला वाटायचं किती स्वच्छ बाई आहेत. या दोन घासण्यांच्या मधे, सोमवारी सकाळी पूजा झाली की आप्पा सगळी वजनं उतरवून रिकामी तागडी हातात धरायचे आणि काटा मधोमध उभा राहतो का ते पाहायचे. राहायचा. मग ती पुढच्या सोमवारपर्यंत तपासायची नाही. “तपासेल काटावर संशय लेवाना नही,” हा कारखान्यातला शिरस्ता. एरवी उजव्या पारड्यात कुठलं ना कुठलं वजन असायचंच. किलो उचलायचा तर आधी पाव ठेवायचा आणि मग किलो काढायचा. रिकामं पारडं लोंबकळताना त्यांना बघवत नसे.

लोकांचं आश्चर्य वाटायचं. त्या मेथीनंतर आठ दिवस नातेवाईक फिरकले नाहीत. मग बहीण आली, तीच. तोंड फुगवून पाव किलो मेथी घेतली. दोन दिवसांनी पुन्हा आली, पाव किलो वांगी आणि पाव किलो मिरच्या. मग भाच्या आल्या, मग समोरच्या घरच्या. आणि सगळ्या पाव किलोच घ्यायच्या. किलोभर कुणी मागायचंच नाही. आप्पा मला म्हणाले, महागाई बघ किती वाढलीय, बायका काटकसर शिकल्या.

दादांच्या घरी चौदा माणसं जेवायला. केळीच्या बागेत भाजी होत नाही, तेव्हा त्यांना ती विकतच घ्यावी लागे, आणि रस्त्यापलीकडे आप्पांची तागडी. दादांना हे मान्य नव्हतं, पण दादा स्वयंपाकघरात जात नसत. रोज सकाळी मोठ्या वहिनी डोक्यावरचा पदर सावरत यायच्या आणि बोटांनी दाखवायच्या. ही पाव. ही पाव. ती पाव. चौदा माणसांच्या घरासाठी आठ वेळा पाव किलो. मी विचारलं, “आप्पा, वहिनींना सरळ दोन किलो का नाही देत?”

“त्यासले पाव लागस. मन्हं काय जास? तोलानं तं मन्हं कामच शे.”

आणि ते आठ वेळा तोलायचे, आनंदाने.

तोरणमाळचं सांगायला हवं. तिथल्या एका जुन्या वालाचं बी आप्पांना हवं होतं. एसटीने घाट चढून आम्ही वर गेलो, आप्पांच्या काखेत स्प्रिंगचा काटा. तळ्याच्या बाजूला पावरा समाजातली एक बाई सीताफळं घेऊन बसली होती. सहा-सहाचे वाटे मांडले होते, वाट्याला एकच भाव. आप्पांनी काटा काढला. बाईने त्या काट्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी वाटा तोलला आणि वजन मोठ्याने सांगितलं. बाईने शांतपणे त्यातली दोन सीताफळं उचलून आपल्या टोपलीत परत ठेवली.

“हे काय?” मी म्हणालो.

“मोजून घ्यायचं तर एवढंच येतं,” ती म्हणाली. “वाटा घेतला असता तर सहा होते.”

मी वाद घालणार होतो. आप्पांनी मला मागे ओढलं. चार सीताफळांसाठी वाट्याचे पूर्ण पैसे दिले आणि परतीच्या वाटेवर संपूर्ण घाटभर तिची स्तुती केली. या बाईला धंदा कळतो म्हणाले. सीताफळं फार गोड होती. मला दोन आली.

आणि हिवाळ्यातली भरीत पार्टी. आमच्याकडे थंडीत शेतात भरीत होतं. कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, वांगी भाजायची, ठेचायची, पुऱ्या तळायच्या आणि अंधार पडेपर्यंत खायचं. दादांनी शहाद्याहून आपले चार केळीवाले मित्र बोलावले आणि वांगी आप्पांच्या शेतातून तोडायला सुरुवात केली. आप्पा तागडी घेऊन आले. मग जो वाद झाला तो मी आजवर ऐकलेल्या वादांतला सर्वात मूलभूत वाद होता. वांगं भाजण्याआधी तोलायचं की भाजल्यावर?

“भाजावर पानी उडी जास,” एक पाहुणा म्हणाला. “आम्ही पानीना पैसा कसाले देऊत?”

“पानी मीच पाजेल शे,” आप्पा म्हणाले.

“साल काढीसन तोल.”

“साल वांगानीच शे ना? तू काटावर चढस तं कापडासंगे चढस का बिगर कापडाना?”

वांगी भाजण्याआधी तोलली गेली. दादांनी पैसे दिले आणि भरिताचा एक घासही घेतला नाही, ज्याचा त्यांना नंतर फार पश्चात्ताप झाला, कारण ते उत्तम झालं होतं.

असं वर्ष गेलं. उन्हाळा लागला. दादांकडून दाणा आला नाही, पैसा आला नाही, आणि आप्पांचं घर चाललं. थाटात नाही, पण चाललं. काकींची नवी साडी आली, गॅस भरला, विजेचं बिल भरलं, घरावरचे पत्रे बदलले. एप्रिलमध्ये आप्पा रोज संध्याकाळी वाफ्यांमधून हात मागे बांधून फिरायचे आणि काहीही तोलायचे नाहीत. नुसते बघायचे. मला तेव्हा कळलं की या माणसाला ते वीस गुंठे किती हवे आहेत.

आखाजीच्या दिवशी दादांकडे सगळ्यांचं जेवण. खापरावरचे मांडे, आमरस. सासुरवाशिणी आलेल्या, कडुनिंबाला झोके बांधलेले, त्यांवर पोरी गाणी म्हणत होत्या. आप्पांची बहीणही आली होती. जेवण झालं, पुरुष ओसरीवर बसले आणि बायका आतल्या दाराशी. दादांनी पान लावलं.

“घर चालनं, हाई कबूल,” दादा म्हणाले. “पन लोक सांगी ऱ्हायनात, वजनकाटावरना मानूस. त्याले तागडी नमाडता येस.”

आप्पा तागडी झुकवून मापात मारतात ही कुजबूज गावात होती, मी ऐकली होती. बहिणीला भाजी विकणारा माणूस आणखी काय काय करत असेल.

आप्पांनी विचारलं, “तुले काय वाटस?”

“मन्ह्या वाटानं काय व्हस? तोली लेऊत.”

दादांनी केळीच्या व्यापाऱ्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला होता. आप्पा उठले, रस्ता ओलांडून गेले आणि तागडी घेऊन आले, उजव्या पारड्यात किलो तसाच. ओसरीच्या आढ्याला ती टांगली. चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेला अभ्यास करून आलेल्या मुलासारखे दिसत होते. त्यांनी एक किलो वांगी तोलली, अगदी काटा उभा राहीपर्यंत. ती वांगी दादांनी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली.

एक किलो पन्नास ग्राम.

दादांनी काटा बंद करून पुन्हा सुरू केला. एक किलो पन्नास ग्राम. मग आप्पांनी पाव किलो मिरच्या तोलल्या. काट्यावर तीनशे ग्राम.

“जास्ती शे,” दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात स्पष्ट निराशा होती.

आप्पांनी पाव किलोचं वजन उचललं, आणि या वेळी जागी दुसरं ठेवलं नाही. रिकामं उजवं पारडं खाली बसलं आणि खालीच राहिलं. आप्पांनी ते पारडं वर उचललं आणि खालून पाहिलं. तिथे लिंबाएवढा, काळ्या जुन्या चिंचेचा, बोटांनी नीट दाबून बसवलेला गोळा होता.

दाराशी बायकांमध्ये हालचाल झाली. मग काकी म्हणाल्या, “मीच लायेल शे.”

“कवयपाईन?”

“पहिला सोमवारपाईन.”

“कसाले?”

“कोनी रिकामा हातनी जावाले नको म्हनीसन.”

मी मनात मोजायला लागलो. वर्षाचे बावन्न सोमवार. बावन्न वेळा रविवारी काढला आणि सोमवारी लावला. आणि मला एकदम पाव किलोंचा उलगडा झाला. गोळा कायमचा पन्नास ग्रामचा, मग किलो घ्या की पाव. चार वेळा पाव घेणाऱ्या बाईला चार गोळ्यांची भाजी जास्त जायची. बहिणीला माहीत होतं. भाच्यांना माहीत होतं. आठ वेळा पाव किलो घेणाऱ्या मोठ्या वहिनींना तर पक्कं माहीत होतं. गावातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं आणि एकाही पुरुषाला माहीत नव्हतं, त्यात तीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला एक पुरुष होता.

बहीण पुढे आली. “आप्पा, तोंड कसाले पाडं? तू तं जास्तीच देत व्हता. नुकसान तुन्हंच व्हयनं.”

“कमी दिधं ऱ्हातं तं मी चोर ठरतू,” आप्पा म्हणाले. “जास्ती दिधं. म्हनजे माले तोलताच येत नही.”

मी मधे पडलो. म्हणालो, आप्पा, उलट विचार करा. एवढं वाटूनसुद्धा घर चाललं. म्हणजे वीस गुंठ्यांत तुम्हाला वाटलं त्याच्यापेक्षा अंदाजे—

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो.

आप्पांनी चिंचेचा गोळा खरवडून काढला, हातात धरला आणि बराच वेळ त्याचं वजन हातानेच घेत उभे राहिले. मग दादांसमोर बसले.

“दादा, वरीस खोटं शे. तागडी खोटी तं वरीस खोटं. बोली तू जितना. वावर तुन्हं.”

दाराशी काकी जमिनीकडे बघत होत्या. झोक्यांवरचं गाणं थांबलं होतं, की आम्हालाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. दादा जिंकले होते. जिंकल्यावर माणसाने काय करावं हे त्यांनी वर्षभर ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी तेच केलं. पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, “बरं. केळीना रोपं सांगेल शेत. उद्या सकाय ट्रॅक्टर लावसू, वाफा मोडी टाकसू.”

आणि आतल्या दारातून, पदर डोक्यावर, हातात आमरसाचं रिकामं पातेलं, मोठ्या वहिनींच्या तोंडून सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं निघून गेलं:

“आनी उद्यापाईन चौदा मानूसस्नं कालवन मी कसानं करू, केळास्नं?”